प्लूटोच्या वाटेवरील एक्क्याऐंशी मिनिटे

४ जुलै २०१५ हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, त्यात शनिवार. मेरीलँडमधील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मात्र नियंत्रण कक्ष जागा होता. दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी ‘न्यू होरायझन्स’ यानाचा संदेश एकाएकी थांबला. जानेवारी २००६ मध्ये निघालेले हे यान प्लूटोपासून अवघ्या दहा दिवसांच्या वाटेवर होते.

ही भेट पुढे ढकलता येण्याजोगी नव्हती. वेग आवरून प्लूटोभोवती फिरत राहण्याइतके इंधन यानात नव्हतेच. ताशी सुमारे पन्नास हजार किलोमीटर वेगाने ते एकदाच जवळून जाणार होते. मग ते बोलत असो वा मुके असो.

८१ मिनिटांनी संदेश पुन्हा आला, पण राखीव संगणकाकडून. मुख्य संगणक एकाच वेळी आधीची छायाचित्रे आटोपशीर करीत होता आणि प्लूटोभेटीच्या आज्ञा स्मृतीत उतरवून घेत होता. दोन्ही भार त्याला पेलले नाहीत. चूक उमगली, तरी दुरुस्ती सोपी नव्हती. संदेश यानापर्यंत पोहोचायला साडेचार तास आणि उत्तर यायला तितकेच. ७ जुलैला भेटीचा मुख्य कार्यक्रम सुरू व्हायचा होता. ॲलिस बोमन यांच्या हाताखालील मंडळींपैकी कित्येकजण त्या दिवसांत घरीही गेले नाहीत.

मधल्या तीन दिवसांत ठरलेली सुमारे तीस निरीक्षणे सोडून द्यायची, असा निर्णय प्रमुख शास्त्रज्ञ ॲलन स्टर्न आणि सहकाऱ्यांनी घेतला. हाताशी आलेले सोडणे किती जड जाते, हे पेढीवर बसणाऱ्यास वेगळे सांगायला नको. पण त्या तीस निरीक्षणांसाठी धडपड केली असती, तर मुख्य भेटच धोक्यात आली असती.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. १४ जुलैला यान प्लूटोच्या पृष्ठभागापासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवरून गेले. त्या वेळी ते गप्पच होते. त्याचा अँटेना अंगालाच जखडलेला. प्लूटोकडे पाहायचे तर पृथ्वीकडे पाठ फिरवावी लागे. सुखरूप असल्याची वर्दी रात्री ८ वाजून ५३ मिनिटांनी आली. सारी माहिती उतरवून घ्यायला मात्र ऑक्टोबर २०१६ उजाडला, कारण दोन-तीन पंख्यांना पुरेल एवढ्याच विजेवर यानाचा कारभार चालला होता.

त्या माहितीत नायट्रोजनच्या बर्फाचे अफाट मैदान होते, पाण्याच्या बर्फाचे डोंगर होते; आणि शॅरॉन होता. प्लूटोचा हा सर्वांत मोठा चंद्र १९७८ साली सापडला, तेव्हा तो छायाचित्रातील प्लूटोच्या कडेला आलेला फुगवटा एवढाच दिसला होता. आता त्याचा तांबूस उत्तर ध्रुव स्पष्ट दिसला. प्लूटोवरून निसटलेला मिथेन वायू त्या गारठलेल्या ध्रुवावर साचतो आणि सूर्यकिरणांनी हळूहळू तांबूस होतो, असे शास्त्रज्ञ मानतात.