एकच प्याला आणि एकच रात्र

मराठी साहित्याचा विद्यार्थी मद्यपानाविषयी विचार करू लागला की त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा सुधाकर उभा राहतो. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' 1919 मध्ये रंगभूमीवर आले. ते पाहण्यास स्वतः गडकरी हयात नव्हते. या घटनेस शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरीही बुद्धिमान वकील, त्याच्या जिव्हारी लागलेला अपमान, तळीरामाने पुढे केलेला पहिला प्याला आणि त्यानंतर सिंधूच्या संसाराची झालेली राख, हा क्रम आपल्या मनात इतका घट्ट बसला आहे की, महाविद्यालयांतील व्यसनमुक्तीची व्याख्याने, पथनाट्ये आणि भित्तिपत्रके आजही त्याच वाटेने जातात. पहिला प्याला घेऊ नका, कारण शेवटचा प्याला स्मशानात नेतो, एवढे सांगितले की वक्त्याचे कर्तव्य संपते. टाळ्या होतात, शपथ घेतली जाते, चहापान होते.

हा उपदेश खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र तो अपुरा आहे, आणि ज्याच्यासाठी केला जातो त्याच्या वयाकडे पाहता चुकीच्या ठिकाणी बोट ठेवणारा आहे. सुधाकराचा नाश होण्यास काळ लागतो. त्या काळात त्याला सावरू पाहणारी माणसे भेटतात, तो प्रतिज्ञा करतो, मोडतो, पुन्हा घसरतो. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला एवढा काळ मिळेलच असे नाही. त्याला असलेला पहिला धोका व्यसनाचा नसतो, एका रात्रीचा असतो. अनुभव नसताना, रिकाम्या पोटी, मित्रांच्या पैजेखातर तासाभरात पोटात गेलेली दारू त्याला व्यसनी होण्याची संधीदेखील देत नाही. या रात्रीविषयी आपण त्याला काय शिकवले आहे? माझ्या उत्तराची सुरुवात मला माझ्याच चुकीपासून करावी लागते.

मी तेरा वर्षे एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा प्रमुख होतो. प्रवेश-अर्जासोबत जे हमीपत्र भरून घेतले जाई त्यातील एक वाक्य माझ्या हातचे होते : 'मद्यप्राशन केलेला अथवा अशा विद्यार्थ्यास साहाय्य करणारा विद्यार्थी आढळल्यास त्यास वसतिगृहातून तत्काळ काढून टाकण्यात येईल.' खाली विद्यार्थ्याची व पालकांची सही. 'साहाय्य करणारा' हा शब्दप्रयोग मी मुद्दाम घातला होता आणि तो सुचल्याचे मला त्या वेळी समाधानही वाटले होते. बाहेरून बाटल्या आणून देणारे त्यात सापडावेत, हा माझा हेतू होता.

स्नेहसंमेलनाच्या रात्री प्रथम वर्षाच्या एका मुलाला त्याचे मित्र मागच्या जिन्याने खोलीत घेऊन आले. तो अकराच्या सुमारास अडखळत का होईना, बोलत होता. 'झोपला की उतरेल' असे म्हणून त्यांनी त्याला उताणे निजवले, लिंबाचे पाणी तोंडात ओतले, दार आतून लावून घेतले आणि दिवा मालवला. साडेबारापर्यंत त्याने हाकेला ओ देणे बंद केले होते. खोलीत तिघेजण होते. त्यांच्यात काय बोलणे झाले हे पुढे चौकशीत कळले. तिघांनाही त्याची प्रकृती बिघडल्याचे दिसत होते आणि तिघांनाही ते हमीपत्र आठवत होते. अखेरीस सव्वादोनला त्यांच्यापैकी एकाने माझे दार वाजवले. "सर, तो उठत नाहीये," एवढेच तो म्हणाला. उलटी घशात जाऊन ती फुप्फुसात उतरली होती. मुलगा वाचला, पण अकरा दिवस रुग्णालयात होता आणि पुढचे सत्र त्याला सोडावे लागले.

यानंतर मी नियमाची अंमलबजावणी केली. दार वाजवणाऱ्या मुलासह तिघांच्याही नावे काढलेल्या पत्रांवर माझी सही आहे. त्या मुलाचे वडील उसाच्या तोडणीवर होते. ते आले, काही न बोलता ट्रंक उचलून मुलाला घेऊन गेले. शिस्त राखली गेली असे शेऱ्यात नमूद झाले. पुढील चार वर्षांत माझे दार कोणीही वाजवले नाही. वसतिगृहातील मद्यपान थांबले असा त्याचा अर्थ मी बरेच दिवस लावत होतो. गच्चीच्या टाकीमागे सापडणाऱ्या रिकाम्या बाटल्या मोजणाऱ्या रखवालदाराचे मत वेगळे होते.

त्या रात्री त्या तिघांना ज्या गोष्टी ठाऊक असावयास हव्या होत्या, त्या फार नाहीत आणि अवघडही नाहीत. शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातील मद्य रक्तात मिसळत राहते. म्हणून अकराला बोलणारा मुलगा बाराला अधिक गंभीर असू शकतो. यकृत तासाला साधारणपणे सात ते दहा ग्रॅम मद्यार्काचाच निचरा करते. कॉफी, लिंबू, ताक किंवा गार पाण्याची अंघोळ या गतीत काडीचाही फरक करीत नाही. बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाची घसा मोकळा करण्याची प्रतिक्रिया मंदावते, म्हणून त्याला उताणे न ठेवता एका कुशीवर वळवावे लागते, त्याच्या तोंडात काहीही ओतायचे नसते, आणि त्याला क्षणभरही एकटे सोडायचे नसते. हलवूनही तो जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठांहून कमी पडत असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर पडत असेल, ओठ निळसर आणि अंग गार पडले असेल, तर वाट पाहण्याची वेळ संपलेली असते. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवायची असते. एवढे ज्ञान एका तासिकेत देता येते. आम्ही ते दिले नाही, कारण ते देणे म्हणजे मुले पितात हे मान्य करणे, असे आम्हांला वाटत होते.

मापाचे अज्ञान तर शिक्षितांतही थक्क करणारे आहे. 'मी फक्त बिअर घेतो' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीत आठ टक्के मद्यार्क धरला, तर त्यात सुमारे 41 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या एका पेगात तो दहा ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे 'फक्त बिअर'ची ती एक बाटली चार पेगांबरोबरीची झाली. तीन-चार मित्रांत वाटून न घेता एकट्याने संपवलेला 180 मिलिलिटरचा क्वार्टर सहा पेगांचा असतो. त्याचा निचरा होण्यास सहा ते आठ तास लागतात. म्हणून रात्री उशिरा संपलेला क्वार्टर पहाटे मोटारसायकलवर बसतानाही रक्तात असू शकतो. मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला, तर तो गुन्हा आहे. झोप झाली होती ही सबब तेथे चालत नाही. समान वजनाच्या पुरुषापेक्षा स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याने तिच्या रक्तातील पातळी अधिक वाढते, हेही कोणी मुलींना सांगत नाही. मुली पीत नाहीत हे आपण आधीच ठरवून टाकलेले असते.

या दृष्टीला 'हानि-न्यूनीकरण' असा एक जड पारिभाषिक शब्द आहे. मला त्याऐवजी 'अपाय कमी करणे' हे साधे शब्द बरे वाटतात. त्यांचा अर्थ 'सुरक्षित मद्यपान शिकवणे' असा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्टच सांगितले आहे की, आरोग्याला निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा न पिणे हाच उत्तम पर्याय, हे पहिले वाक्य कायम राहते. प्रश्न एवढाच की, ते वाक्य ज्याने ऐकले नाही त्याच्याशी आपले बोलणे तेथेच संपते काय?

यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप कायद्याचा आहे. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी 21 आणि अन्य मद्यासाठी 25 वर्षे वयाची अट आहे. पदवीच्या वर्गातील बहुतेक विद्यार्थी त्याखालचे. जे बेकायदेशीर आहे त्याविषयी महाविद्यालयाने 'मार्गदर्शन' कसे करावे? परंतु वेगमर्यादा ओलांडणे बेकायदेशीर आहे म्हणून अपघातग्रस्ताला उचलण्याचे शिक्षण आपण थांबवत नाही. शिवाय कायदा जेथे खरोखर वापरायला हवा तेथे तो वापरला जात नाही. नव्या मुलांना जबरदस्तीने पाजणारे वरच्या वर्गातील विद्यार्थी हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनुसार रॅगिंगच करीत असतात. तळीराम शोधायचा तर तो तेथे आहे. आम्ही मात्र शिक्षा देत होतो ती उलटी होणाऱ्याला आणि त्याचे डोके धरणाऱ्याला.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो घेणाऱ्या स्त्रियांनी दारूची किंमत स्वतःच्या अंगावर मोजलेली आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे तेथील स्त्रियांचे मोठे आंदोलन होते. अनेक गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे. त्यांना 'अपाय कमी करा' ही भाषा शरणागतीची वाटली, तर नवल नाही. परंतु दुकान बंद करण्याचा लढा आणि पडलेल्या मुलाला कुशीवर वळवण्याचे शिक्षण यांत मला वैर दिसत नाही. बंदी असलेल्या जिल्ह्यातील वसतिगृहालाही रात्री दोन वाजता काय करायचे ते ठरवावेच लागते. किंबहुना अधिक काटेकोरपणे, कारण चोरट्या मालात काय मिसळले आहे हे पिणाऱ्याला कळत नाही. मुंबईत मालवणी येथे 2015 मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉलची लक्षणे, विशेषतः दृष्टी अंधुक होणे, अनेक तासांनंतर दिसू लागतात. तोवर बाकीची नशा उतरलेली असते आणि मनुष्य बरा झाला असे समजले जाते.

अभय दिल्याने मुले सोकावतील, अशी भीती मलाही होती. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने 2002 मध्ये या प्रश्नाला हात घातला. मद्यामुळे अत्यवस्थ झालेल्या विद्यार्थ्यासाठी मदत मागणाऱ्यावर व त्या विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई करायची नाही, मात्र नंतर समुपदेशकाची भेट घ्यायला लावायची, असे धोरण तेथे आखले गेले. पुढील काळात मदतीसाठी येणारे दूरध्वनी वाढले. मद्यपान त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही. अमेरिकेतील परिसर आणि आपले वसतिगृह यांत अंतर पुष्कळ आहे, पण शिक्षेच्या भयाने मित्राचे दार आतून लावून घेणारी मुले दोन्हीकडे सारखीच असावीत.

आणखी एक गोष्ट आपण उलटी शिकवतो. 'आजकालची पिढी सर्रास पिते' असे व्यासपीठावरून म्हटले की, न पिणारा मुलगा स्वतःला एकटा समजू लागतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार देशातील 10 ते 75 वयोगटातील सुमारे 14.6 टक्के लोक मद्य घेतात. केवळ पुरुषांचा विचार केला तरी ते प्रमाण सुमारे 27 टक्के आहे. म्हणजे चार पुरुषांतील जवळजवळ तीन घेत नाहीत. 'सगळेच घेतात' या दडपणाखाली पहिला पेला उचलणाऱ्या मुलाला हा साधा आकडा भाषणातील स्मशानापेक्षा अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

आणि ज्याचे पिणे रात्रीपुरते राहिलेले नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने महाराष्ट्राला एक मोठा धडा दिला आहे : व्यसन हा आजार आहे, आणि आजारी माणसाशी बोलताना त्याचा अपमान करण्याची आवश्यकता नसते. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर असायला हवा. आमच्या फलकावर तेव्हा कॅरमच्या स्पर्धेचा निकाल दोन वर्षे तसाच होता.

या पुस्तिकेच्या वाचकांपैकी पुष्कळजण संसार आणि नोकरी सांभाळून शिकणारे आहेत. काहींची मुले याच वर्षी प्रथमच घराबाहेर, परक्या शहरातील खोलीत राहू लागली असतील. त्यांच्या हमीपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे आणि त्यात 'साहाय्य करणारा' असे काही आढळल्यास त्याचा अर्थ संबंधितांना विचारावा. मुलालाही एक गोष्ट घरातून निघतानाच सांगता येईल : रात्री कितीही वाजता फोन केलास तरी आधी दवाखाना, बोलणे नंतर. हे सांगताना आपण मद्यपानाला संमती दिली असे त्याला वाटेल, ही शंका मनातून काढून टाकावी. मुले एवढी भाबडी नसतात.

निवृत्त होण्यापूर्वीच्या वर्षी मी समितीपुढे ते वाक्य बदलण्याचा प्रस्ताव ठेवला. नवे वाक्य असे होते : 'अत्यवस्थ सहनिवाशासाठी मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यावर, तो स्वतः मद्यप्राशन केलेला असला तरीही, कोणतीही कारवाई होणार नाही.' तासभर चर्चा झाली. 'तो स्वतः मद्यप्राशन केलेला असला तरीही' हे शब्द गाळून उरलेले वाक्य संमत झाले. मी त्या शब्दांसाठी मतदान मागितले. माझे धरून दोन हात वर झाले. दुसरा हात मेसच्या व्यवस्थापकांचा होता. त्या रात्री रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला कुशीवर धरून बसले होते ते तेच.