दिवाणी दप्तर कोणाचें?

पेशवाईंतील एखादा महजर किंवा निवाडपत्र कोणा देशपांड्याच्या माळ्यावर सांपडलें, कीं आमच्या विद्वद्वर्गांत आनंदीआनंद होतो. तें वाचलें जातें, छापलें जातें, त्यावर टीपा लिहिल्या जातात. आणि हें सर्व योग्यच आहे. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या दप्तरांचे रुमाल सोडले, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, १९३० पासूनच्या थोड्याच वर्षांत सरदेसायांच्या संपादनाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. या उद्योगाचें ऋण फेडणें कठीण. परंतु ज्या निवाड्यावर इंग्रजी अमलांतील दिवाणी न्यायाधीशाची सही झाली, तो कागद मात्र आम्हां सुशिक्षितांस कागदच वाटत नाहीं. १७५० चा निवाडा इतिहास आणि १८९० चा निवाडा अडगळ, हा भेद कोणत्या शास्त्रांत बसतो, तें आम्हांस कोणी समजावून सांगेल काय?

आणि हा प्रश्न केवळ इतिहासाच्या हौसेचा नव्हे. आंबेगांव तालुक्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागांतलें लोणी हें गांव घ्या. तेथील एखाद्या शेतकऱ्यास चुलतभावाकडून वाटपाच्या दाव्याचें समन्स येतें असें समजा. घरांत ऐकीव गोष्ट अशी, कीं आजोबांच्या वेळीं हाच तंटा कोर्टांत जाऊन निकालांत निघाला होता. ही गोष्ट खरी असेल, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचें अकरावें कलम त्याच्या बाजूस आहे. एकदां त्याच पक्षांमध्यें, वा ज्यांच्याकडून त्यांस हक्क आला त्यांच्यामध्यें, शेवटास गेलेला वाद न्यायालयानें पुन्हा चालवूं नये, असें तें कलम सांगतें. जुना हुकूमनामा पुढें ठेवतां आला तर नवा दावा तेथेंच बसतो. न आला तर आजोबांनीं एकदां लढलेली लढाई नातवानें पुन्हा लढावी. वकिलाची फी द्यावी, पेरणी टाकून तारखेस जावें, आणि जें आपलें ठरलेलें आहे तें आपलें आहे हें दुसऱ्यांदा सिद्ध करावें.

बरें, हा हुकूमनामा शोधावयाचा कोठें? आज तालुक्याचें दिवाणी न्यायालय घोडेगांवीं आहे. पण इंग्रजी अमलांत आंबेगांव हा स्वतंत्र तालुका नसून खेड तालुक्याचा पेटा होता. तेव्हां आजोबांचा दावा घोडेगांवीं पाहावा, खेडास पाहावा, जुन्नरास पाहावा, कीं अपील झालें असेल म्हणून पुण्यास पाहावा? (ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें तें गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे, निदान तेथें तरी हेलपाटा नको!) दप्तरखाना सांपडला तरी खिडकीवरचा पहिला प्रश्न ठरलेला: दावा नंबर काय आणि साल कोणतें? दाव्यांचें रजिस्टर सालावर आणि क्रमांकावर चालतें. गांवावर चालत नाहीं, शेतावर चालत नाहीं. क्रमांक कोठें मिळेल? हुकूमनाम्यावर. म्हणजे हुकूमनामा मिळविण्यासाठीं हुकूमनामा हातीं असावा लागतो! कारकुनास आम्ही दोष देत नाहीं. ज्या रजिस्टरांतून त्यानें शोधावयाचें त्याची बांधणीच अशी आहे, कीं क्रमांक नसलेल्या माणसासाठीं त्यास पानांमागून पानें चाळावीं लागतात.

जमिनीवरून शोधूं म्हटलें तर तोही मार्ग अर्ध्यावर तुटतो. जुन्या दाव्यांत सर्व्हे नंबर आहे. १९४७ च्या एकत्रीकरणाच्या कायद्यान्वयें जेथें योजना झाली, तेथें सातबाऱ्यावर आज गट नंबर आहे. दोहोंचा मेळ घालावयाचा तर भूमि अभिलेख कचेरींत निराळा अर्ज. शिवाय सारा भरणाऱ्या शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला, तरी प्रत्यक्ष सरसनिरस वांटणी संहितेच्या ५४ व्या कलमान्वयें कलेक्टरच्या खात्यानें करावयाची. त्यामुळें निकाल एका दप्तरांत आणि त्याची अंमलबजावणी दुसऱ्या दप्तरांत. एका शेताचे कागद तीन कचेऱ्यांत वांटलेले असावेत, आणि एकीनें दुसरीची ओळख ठेवूं नये, यास व्यवस्था म्हणावें कीं अव्यवस्था?

यावर हल्लीं एक ठराविक उत्तर मिळतें: आतां संगणक आला, सर्व कांहीं घरबसल्या दिसतें. जें झालें त्याचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. आज दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकी क्रमांक मिळतो, पुढची तारीख मोबाइलवर कळते, पक्षकाराच्या नांवावरूनही शोध घेतां येतो. ई-कोर्ट योजनेच्या तिसऱ्या टप्प्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं ७२१० कोटी रुपये मंजूर केले, आणि जुन्या दप्तराच्या प्रतिमा घेण्याचें कामही त्यांत धरलें आहे. परंतु प्रतिमा घेतली म्हणजे कागद सांपडला असें होत नाहीं. ज्या रुमालावर गांवाचें नांव नाहीं, त्याचें चित्र काढलें तरी त्यावर गांवाचें नांव उमटत नाहीं. नांवावरच्या शोधाची तर निराळीच मौज. वाघ हें दोन अक्षरी आडनांव रोमन लिपींत कोणी 'व्ही'नें लिहितो, कोणी 'डब्ल्यू'नें. एकाच घरांतल्या दोघां भावांचे दावे दोन ठिकाणीं जाऊन बसतात. १९९८ सालीं शासनानें जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरविली, तरी मराठी आडनांव शोधावयास इंग्रजी स्पेलिंगाचा तर्क करावा लागावा, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

या दप्तरांत आहे काय, याची कल्पना नसल्यामुळेंच आमची उदासीनता टिकून आहे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले. सुप्यापासून आरंभ झालेल्या त्या दंग्यांत लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्याच्या वह्यांवर आणि खतांवर होता. कागद जाळला कीं कर्ज जळालें, असा त्यांचा हिशेब. पुढें १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांस तो प्रथम लागू झाला. न्यायमूर्ति रानडे यांनीं त्याखालीं विशेष न्यायाधीश म्हणून काम केलें. या कायद्यानें न्यायाधीशावर असें बंधन घातलें, कीं खत पुढें आलें म्हणून तें डोळे झांकून मानूं नये; व्यवहाराच्या आरंभापासून चौकशी करावी. मूळ मुद्दल किती, व्याज किती, जुनें खत रद्द करून नवें कां केलें, हें सर्व विचारावें. म्हणजे त्या काळच्या कर्जाच्या दाव्यांत शेतकऱ्याचें कर्ज पहिल्या रुपयापासून कसें वाढलें, याचा शोध न्यायाधीशानें स्वतः घ्यावयाचा होता. आपल्या कर्जाची कहाणी लिहून ठेवण्यास कुणब्यास ना सवड होती, ना बहुधा अक्षर होतें. त्याच्या तोंडचें जें कांहीं लिहिलें गेलें तें दिवाणी कोर्टाच्या जबानींत. सरदारांचा पत्रव्यवहार आम्हीं छापला. या जबान्या कोणीं पाहिल्या?

त्या पाहण्यास पुढें किती उरतील हीही शंकाच आहे. १९१७ च्या कायद्यानें जुने कागद नष्ट करण्याविषयीं नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांस दिला. प्रकरणांतील कागदांचे वर्ग पाडतात, प्रत्येक वर्गास मुदत असते, आणि ती भरली कीं तो वर्ग निकालांत निघतो. जागेची अडचण आम्हांस मान्य आहे. सर्व कागद चंद्रसूर्य असेपर्यंत ठेवा असा वेडा आग्रह आम्ही धरीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं १८७५ सालीं कागद जाळणाऱ्यांस आपण काय जाळतों हें पुरतें ठाऊक होतें. आज लोणीच्या कागदांची मुदत भरते तेव्हां लोणींत कोणासही ती वार्ता नसते.

कांहीं व्यवहारी गृहस्थ म्हणतात, गाडलेलीं मढीं उकरूं नका. जुने निकाल लोकांच्या हातीं पडले तर नवीं भांडणें लागतील. आमचा अनुभव नेमका उलट आहे. खेड्यांतील तंटा वाढतो तो कागद दिसल्यानें नव्हे, न दिसल्यानें. निकाल काय लागला हें ठाऊक नसलें म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण खरी ठरते. घरच्या अब्रूची भीतीही आम्हांस पोकळ वाटते. निकाल उघड्या न्यायालयांत सांगितला गेला होता, आणि पक्षकारास त्याची नक्कल मिळण्याचा हक्क कायद्यानेंच दिला आहे. तिऱ्हाइतानें कारण दाखवावें, हेंही आम्हांस कबूल. माहितीच्या अधिकाराच्या वाटेनें न्यायदानांतील कागद मागूं नयेत, न्यायालयाच्या नियमांप्रमाणें मागावेत, असें गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. ठीक आहे, नियमानें मागूं. पण मागावयाचें काय याचा पत्ता तरी असावा कीं नाहीं? नक्कल मिळण्याचा हक्क आणि कागद सांपडण्याची सोय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली आम्हांस मिळाली. दुसरीवांचून ती पुष्कळांस निरुपयोगी आहे.

म्हणून आमची मागणी लहान आहे. निकाली दाव्यांची गांववार यादी व्हावी. तींत दाव्याचा क्रमांक व साल, वादी-प्रतिवादींचीं नांवें देवनागरींत, जमिनीचा जुना नंबर, निकालाची तारीख आणि आज कागद कोणत्या दप्तरखान्यांत आहे, एवढेंच असावें. एक प्रत तालुक्याच्या न्यायालयांत, एक गांवच्या चावडींत. कागद नष्ट करण्यापूर्वीं त्या त्या गांवाची यादी तेथें लावावी आणि लोकांस निदान सहा महिने द्यावेत. कारण पुरावा म्हणून हजर केलेलीं अस्सल खतें परत मागण्याची तरतूद संहितेंत असूनही पुष्कळांनीं तीं कधीं मागितलीं नाहींत, आणि तीं अद्याप त्याच रुमालांत बांधलेलीं असण्याचा संभव आहे. त्यांतील कित्येक मोडींत असणार. तीं वाचूं शकणारे वृद्ध आज बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. तेव्हां यादीचें काम आरंभावयाचें तर आधीं त्यांस बोलवावें, आणि कायद्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस लेखणी देऊन त्यांच्याजवळ बसवावें.