‘देखेंगे’ बंद करा

सध्या मुक्काम चेन्नई. डोक्यावरून मीनंबाक्कमला उतरणारी विमानं, अंगाला चिकटलेला घाम, आणि गेल्या महिन्यात तणावमुक्तीवर एक व्याख्यान. वक्ते म्हणाले, मन घट्ट करा. माझ्या शेजारी बसलेल्या जवानाच्या आईचं ऑपरेशन ठरलेलं. सुट्टीच्या अर्जावर तीन आठवडे एकच उत्तर: ‘देखेंगे.’ त्याने काय घट्ट करायचं? आणि ते ‘देखेंगे’ म्हणणारा मीच होतो.

रायफलचा पुर्जा न् पुर्जा आपल्याला ओळखता येतो. पण ज्या मेंदूच्या हुकमाने बोट ट्रिगरवर जातं, तो कसा चालतो हे कुणी शिकवलं?

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो. तो आपला संत्री. खरा धोका की नुसती शंका, हे तपासण्याआधीच तो ‘थम’ म्हणून ओरडतो. ॲड्रेनलिन काही सेकंदांत सुटतं. कॉर्टिसॉल शिगेला पोहोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून घरून वाईट फोन आलेल्या माणसाला ‘लगेच शांत हो’ म्हणणं हा शरीराला न पाळता येणारा हुकूम आहे. त्याला अर्धा तास द्या. श्वास सावकाश, लांब सोडायला सांगा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. फायरिंग रेंजवर श्वास सांभाळायला आपण शिकवतोच, मग बॅरकमध्ये लाज कसली?

पण सगळं ओझं जवानाच्या श्वासावर टाकून साहेबलोकांनी सुटू नये. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर दगड. खाली साप आहे का ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. सर्वांत जास्त ताण कधी? झटका बसणारच हे ठाऊक असताना नव्हे, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना. ‘देखेंगे’ म्हणजे तोच दगड, रोज सकाळी.

‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती,’ असं जुनी मंडळी म्हणतील. होती, काका. रात्री दचकून उठणं होतं, घरच्यांवर ओरडणं होतं, बाटली होती. नाव नव्हतं, इतकंच.

याच शहरात डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी स्कार्फ ही संस्था उभारली. तो आजार फार वेगळा, फार कठीण. पण ‘मन घट्ट कर’ म्हणून मेंदू ऐकत नाही, हे दोन्हीकडे तितकंच खरं.

व्याख्यान संपल्यावर मी कंपनी कमांडर साहेबांकडे गेलो. संध्याकाळी उत्तर मिळालं: ऑपरेशनच्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस. जवानाचा चेहरा पडला. पण त्या रात्री तो जेवला आणि गाढ झोपला.

हो म्हणा, नाही म्हणा. तारीख सांगा.