साचा एकच असू द्या

पालिकेच्या संकेतस्थळावर घरपट्टीच्या पानात मोबाइल क्रमांक चुकला, तर लाल अक्षरांत मराठी सूचना येते. त्याच संकेतस्थळावर पाणीपट्टी भरताना तीच चूक झाली, तर सूचना इंग्रजीत येते आणि भरलेला फॉर्म कोरा होतो. नागरिकाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मी पुण्यात अशाच वेबप्रणाली बांधते, म्हणून ठामपणे सांगते की दोष त्याचा नाही. ती पानं दोन वेगळ्या साच्यांतून निघालेली असतात. एकाची नक्कल करून दुसरा केलेला, आणि पुढे सुधारणा झाली ती एकातच.

या साच्याला आम्ही टेम्प्लेट म्हणतो. पानाचा मथळा, फॉर्ममधल्या चौकटी, चुकांच्या सूचना, पावतीची मांडणी त्यात लिहून ठेवायची आणि माहिती मागाहून भरायची. मोठी प्रणाली मोड्यूलमध्ये वाटलेली असते: घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले. या सगळ्यांनी एकच साचा कसा वापरावा, याचं तांत्रिक उत्तर केव्हाच मिळालं आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्रात तयार झालेलं जँगो हे वेबप्रणाली बांधण्याचं फ्रेमवर्क २००५ च्या जुलैत सर्वांना खुलं झालं. त्यात एका मूळ पानात जागा राखून ठेवतात. प्रत्येक मोड्यूल त्या पानाचं नाव सांगतं आणि फक्त आपल्या जागा भरतं. मूळ पानात ओळ बदलली की सगळीकडे बदलते. पथ्य एकच. दोन मोड्यूलमध्ये एकाच नावाची फाइल असली, तर यादीत आधी असलेल्या मोड्यूलची उचलली जाते. म्हणून प्रत्येकाने आपली पानं आपल्या नावाच्या फोल्डरात ठेवायची.

मग नकला का होतात? मी पाहिलेल्या निविदांमध्ये दर मोड्यूलप्रमाणे ठरतो आणि बिलही तसंच निघतं. सामाईक साच्यासाठी ना रक्कम असते, ना मुदत. पाणीपट्टीचं मोड्यूल महिनाअखेर दाखवायचं असेल, तर घरपट्टीचं फोल्डर उचलून नाव बदलणं सगळ्यात सोपं.

याची खरी किंमत दृष्टिहीन माणूस मोजतो. तो एनव्हीडीएसारखा, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो. ही मोफत आज्ञावली ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये लिहायला घेतली. चौकटीशेजारी ‘आडनाव’ असं लिहिलेलं असलं, तरी कोडमध्ये ते शब्द त्या चौकटीला जोडलेले नसले, तर स्क्रीन रीडरला चौकटीचं नाव खात्रीने कळत नाही. अनेकदा तो ‘एडिट’ एवढंच बोलतो. इथे नाव लिहायचं की मिळकत क्रमांक? ही जोडणी एका ओळीची आहे. साचा एक असेल तर एकदा केली की झाली. प्रती अनेक असतील तर एखादी राहतेच, आणि ती नेमकी कुठे राहिली हे डोळस तपासनीसाच्या लक्षातही येत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आपल्याकडे आहे. तो अशा ओळींमध्येच पाळला जातो किंवा मोडला जातो.

सगळंच सामाईक करावं, असं मात्र मी म्हणत नाही. घरपट्टी सहामाही हप्त्यांत आकारतात, पाणीपट्टीत मीटरचं वाचन येतं. दोन्ही बिलं एकाच साच्यात कोंबली की ‘हे असेल तर असं, ते असेल तर तसं’ अशा अटींचं जंगल माजतं आणि तिथे हात घालायची कोणाची छाती होत नाही. चौकट, सूचना, तारीख, मथळा आणि तळटीप सामाईक असाव्यात. बिलाचं पोट ज्याचं त्याने सांभाळावं.

ब्रिटनने सरकारी सेवांसाठी हे भाग २०१८ पासून एकत्र ठेवले आहेत, कोड खुला आहे आणि तो सांभाळायला स्वतंत्र चमू आहे. आपल्याकडेही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एसथ्रीवास या व्यवस्थेवर कितीतरी जिल्ह्यांची संकेतस्थळं सारख्याच मांडणीत उभी आहेत. माहितीच्या पानांना जे जमलं, ते पैसे भरण्याच्या आणि दाखल्याच्या पानांनाही जमेल. त्यासाठी पालिकांनी निविदेत सामाईक साच्याची स्वतंत्र बाब आणि स्वतंत्र रक्कम लिहावी, आणि प्रकल्प संपल्यावरही तो कोण सांभाळणार, हे करारात नोंदवावं. शेवटचं बिल काढण्याआधी दृष्टिहीन नागरिकाने प्रत्येक मोड्यूलमधला एक तरी फॉर्म कोणाच्याही मदतीविना भरून पाहिलेला असावा, हीही अट घालावी.