विष सीमा ओलांडते. न्यायाने का थांबावे?

खांडबाऱ्याहून सुरतेकडे निघालेली गाडी नवापूरला थांबते, तेव्हा तिचे काही डबे महाराष्ट्रात असतात आणि काही गुजरातेत. ते स्थानकच दोन राज्यांत विभागलेले आहे. ऊसतोडीला जाणारा इथला आदिवासी मजूर दरवर्षी ही सीमा ओलांडतो आणि व्यापाऱ्याचा मालही ती सहज ओलांडतो. सीमेची आठवण होते ती सदोष वस्तूने माणूस जायबंदी झाल्यावर. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी परदेशातील मालकाकडे, आणि परदेशातील मालक म्हणतो, तुमच्या देशात जाऊन न्याय मागा.

हे काल्पनिक नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना आठशेहून अधिक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक मृत्युमुखी पडले. फवारलेल्या कीटकनाशकांपैकी एक होते सिंजेंटा या स्विस कंपनीचे ‘पोलो’. त्यातील डायफेन्थियुरॉन हे रसायन खुद्द स्वित्झर्लंडमध्ये वापरातून बाद झालेले होते. स्वतःच्या शेतात जे नको, ते दुसऱ्याच्या शेतात चालते, हा या व्यापाराचा धर्म आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मृतांच्या दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी थेट बाझेलच्या न्यायालयात भरपाईचा दावा दाखल केला. विषबाधेला आपले उत्पादन कारणीभूत नाही, ही कंपनीची भूमिका आहे. त्याच सुमारास ५१ विषबाधित व त्यांच्या कुटुंबीयांच्या वतीने स्वित्झर्लंडमधील शासकीय मध्यस्थ यंत्रणेकडे वेगळी तक्रार गेली. तिच्यातून तडजोड निष्पन्न झाली नाही.

दाव्यासाठी २०२० सालच का निवडले गेले, हेही समजून घेतले पाहिजे. स्विस कायद्यात अशा दाव्याला हानी, दोष व उत्पादक यांची माहिती झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. दवाखान्यातून उठून, कर्ज फेडून, परक्या देशातील वकील गाठेपर्यंत तीन वर्षे केव्हा सरतात ते गरिबाला कळतही नाही.

परदेशी न्यायालयाचा आपला पहिला मोठा अनुभव कडूच होता. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर भारत सरकार युनियन कार्बाइडविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. मे १९८६ मध्ये न्यायमूर्ती कीनन यांनी हा खटला भारतातच चालावा असा निर्णय दिला, आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर प्रकरण मिटवण्यात आले. वाढीव भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. सदोष कृत्रिम खुब्यांचा अनुभवही वेगळा नाही. जॉन्सन अँड जॉन्सनच्या उपकंपनीने ते खुबे २०१० मध्ये जगभरातून परत बोलावले. अमेरिकेतील रुग्णांसाठी २०१३ मध्ये सुमारे अडीचशे कोटी डॉलरची तडजोड झाली. भारतीय रुग्णांच्या भरपाईचे सूत्र केंद्र सरकारने ठरवले ते २०१८ मध्ये. खुबा तोच, वेदना तीच. फरक फक्त पारपत्राचा.

मग बाझेलची वाट व्यर्थ आहे काय? आमच्या मते नाही. मात्र ती वाट खांडबाऱ्यातील मजुराला एकट्याने चालता येणारी नाही, आणि तिच्या भरवशावर घरची वाट मोकळी सोडणे हा आत्मघात ठरेल.

घरची वाट आहे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची. सदोष वस्तूने झालेल्या शारीरिक इजेची भरपाई त्यात मागता येते. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाता येते. म्हणजे सुरतेत घेतलेल्या वस्तूची तक्रार नंदुरबारला करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. उत्पादक भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्याला जबाबदार धरण्याची तरतूदही आहे. बोट दाखवण्याचा खेळ येथे थांबवता येतो.

परंतु या कायद्याला एक भगदाड आहे आणि ते नेमके मजुराच्या पायाखाली आहे. कामाच्या जागी वापरण्यासाठी मालकाने वस्तू घेतली आणि कंपनीने मालकाला धोक्याची सूचना दिली, तर सूचना न दिल्याबद्दल कंपनीवर दावा चालत नाही. बाटली मालकाच्या घरात, पंप मजुराच्या पाठीवर! ज्याच्या फुप्फुसात विष जाते त्याला सूचना पोहोचली की नाही, हे विचारण्याची कायद्याला गरज वाटलेली नाही. शिवाय तू वस्तू विकत घेतलेली नाहीस, मजुरीसाठी वापरलीस, तेव्हा तू ग्राहकच नव्हेस, असा युक्तिवाद कंपनीचा वकील करणारच.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. ही सूट रद्द झाली पाहिजे. सदोष वस्तू हाताळणाऱ्या मजुराला दाव्याचा स्वतंत्र हक्क मिळाला पाहिजे. आणि उत्पादकाच्या देशात बाद झालेल्या रसायनाची येथील नोंदणी आपोआप फेरतपासणीला आली पाहिजे.

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी करायचे काम साधे आहे. आपला शेतकरी विषाला ‘औषध’ म्हणतो आणि रिकामी बाटली बांधावर फेकतो. ती बाटली जपून ठेवा. तिच्यावरील नाव व बॅच क्रमांक हाच पहिला साक्षीदार आहे. दुकानदाराकडून पक्की पावती घ्या. दवाखान्याच्या केसपेपरवर कोणत्या रसायनाची विषबाधा ते लिहून घेतल्याखेरीज परतू नका. पोलिसांत जबाब नोंदवा आणि त्याची प्रत मागा. यवतमाळच्या पोलिसांच्या नोंदींत ९६ विषबाधितांच्या नावांपुढे ‘पोलो’ आढळले, म्हणूनच बाझेलमध्ये बोलायला काही पुरावा होता. नंदुरबारच्या आयोगापुढे असो वा सातासमुद्रापार, दाव्याचा पाया याच कागदांवर उभा राहतो, आणि ते कागद विषबाधेच्या पहिल्या दिवशी, गावातच जमवावे लागतात.