टेन्शन घेऊ नका म्हणे!

टेन्शन घेऊ नका. हे वाक्य ज्यानं शोधून काढलं त्याचा एकदा भर चौकात सत्कार केला पाहिजे. घेऊ नका! जसं काही आम्ही बाजाराला गेलो, चार दुकानं हिंडलो, भाव केला आणि पिशवी भरून टेन्शन घेऊन आलो. दोस्तांनो, टेन्शन आम्ही घेत नाही. ते आम्हाला दिलं जातं. न मागता, घरपोच, पिढ्यान्‌पिढ्या.

रविवारच्या पुरवण्या काढून बघा. वजन वाढलं? मन आवरा. वजन घटलं? मन रमवा. रात्री भूक लागते? ती खोटी भूक, ग्लासभर कोमट पाणी प्या. खोटी भूक! हा शब्द लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांत कुणी खरी भूक पाहिलेली नसणार. आणि वर तो मंत्र: दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत आटपा. माझ्या आज्जीनं हे डाएट जन्मभर केलं. फरक एवढाच की दुसऱ्या वेळेचा भरवसा नसायचा.

मी वडगाव निंबाळकरचा. तालुका बारामती. गावाच्या नावातच निंबाळकर, आणि मुलखात नीरा डावा कालवा, १८८५ सालापासून वाहतोय. कालव्यानं ऊस आणला, उसानं कारखाने आणले, कारखान्यांनी सत्ता आणली. आमच्या वस्तीला आलं खुरपं. साऱ्या महाराष्ट्राच्या चहात या पट्ट्याची साखर पडते, आणि तो ऊस खुरपणाऱ्या बायांच्या रक्तात आता साखर सापडायला लागली आहे. त्यातली एक माझी चुलती.

चुलतीला मी एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर माझ्याच वयाचा.

‘काय गं मावशी, किती वजन वाढवून ठेवलंस! खाणं कमी कर. रोज सकाळी चालायला जात जा.’

‘चालते की सायेब. वस्तीवरनं मळ्यात, मळ्यातनं वस्तीवर.’

‘ते चालणं वेगळं. मोकळ्या मनानं चालायचं.’

मोकळं मन कुठल्या मेडिकलात मिळतं ते त्यानं कागदावर लिहून दिलं नाही. गोळ्या मात्र दिल्या, जेवणाआधी घ्यायच्या. जेवण कधी होईल हे त्यानं विचारलं नाही, चुलतीनं सांगितलं नाही.

आता तिचा आठवडा ऐका. दहा बायांचा गट, एका फायनान्सचं कर्ज, दर मंगळवारी हप्ता. एकीचे पैसे कमी पडले तर बाकीच्या नऊजणींनी भरायचे, आणि ते भरेपर्यंत सगळ्यांनी त्या ओसरीवर बसून राहायचं. सोमवारी संध्याकाळपासून चुलतीच्या घशाखाली घास उतरत नाही. मंगळवारी पहाटे मिश्री आणि बिनदुधाचा चहा. दुपारी हप्ता भरून ती घरी येते आणि खायला बसते. भाकरी, भात, वर पोराच्या पुड्यातली बिस्किटं, चहात दोन चमचे साखर जास्त. खाताना कुणाशी बोलत नाही. शेजारीण म्हणते, बाई लई खादाड झाली. डॉक्टरही तेच म्हणतो, जरा शुद्ध भाषेत.

पण शरीराचं शास्त्र काय म्हणतं? अंगावर कुत्रं धावून आलं की भूक मरते. पोटाकडचं रक्त हातापायांकडं धावतं, मेंदू म्हणतो, पळ. कुत्रं गेलं की देह ताळ्यावर येतो. पण कुत्रं जातच नसेल तर? दर मंगळवारी येत असेल, मुकादमाच्या तोंडानं येत असेल, भाड्याच्या तारखेला येत असेल? मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल सोडत राहतात. कॉर्टिसॉल सांगतं, लढाई लांबणार, साठा कर. गोड माग, तेलकट माग, चरबी पोटावर रच. इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं होतं आणि रक्तात साखर चढते. त्यात झोप मोडलेली असली की भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन उतरतं. सगळ्यांचं एकसारखं होत नाही. एकाच घरात एक सुटतो, एक वाळतो. चुलती सुटली. चुलता वाळला, कारण त्यानं भूक तंबाखूनं मारली. तंबाखू भूक मारते हे आमच्या वस्तीला कुठल्याही पुस्तकाच्या आधी ठाऊक होतं.

आता कुणी शहाणा म्हणेल, ही गरिबीची गोष्ट झाली, यात जात कुठं आली? त्याला लंडनला पाठवू. तिथं व्हाइटहॉलच्या सरकारी नोकरांना मायकेल मार्मट आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं तपासलं. सगळे पगारदार, उपाशी कुणीच नाही. तरी खालच्या पायरीवरचा वरच्या पायरीवरच्यापेक्षा लवकर मरत होता. २००६ साली त्यांनी छापलं की चौदा वर्षांच्या काळात ज्यांनी कामाचा ताण पुन्हा पुन्हा सोसला, त्यांच्यात सुटलेलं पोट, रक्तदाब आणि साखर या एकत्र येणाऱ्या दुखण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. म्हंजे पायरी माणसाला खाते. तिथली पायरी नोकरीची, पेन्शनीला संपणारी. आमची कुठली ते बाबासाहेबांनी १९२० सालीच ‘मूकनायक’मध्ये सांगून ठेवलंय. मजल्यांचा मनोरा, आणि जिना नाही.

आणि ही बेरीज जन्माच्या आधीच सुरू होते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्याच सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं तपासली. खेड्यातल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं ३.५. पण आपल्या बाळाचं मांस जेवढं कमी, तेवढी चरबी कमी नव्हती. दिसायला काडी, आतून चरबी धरून बसलेली. आईनं अर्धपोटी काम केलं, त्याचा हिशेब बाळाच्या अंगात लिहिला गेला. असं बाळ पुढं मोठं होऊन वडापाववर दिवस काढतं तेव्हा त्याला साखर लवकर धरते. मग पुरवणी म्हणते, जीवनशैलीचा आजार! कुणाची शैली? रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, गहू आणि तांदूळ. डाळ तुमची तुम्ही बघा, भाजी तुमची तुम्ही बघा. याला शैली म्हणतात?

स्वस्तातलं मांस होतं, तेही गेलं. मेलेल्या ढोराचं सोडा असं बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात सांगितलं, आणि ते आम्ही मानानं सोडलं. ती आमची निवड होती. पण पैसे मोजून घेतलेलं ताजं बैलाचं मटण २०१५ च्या कायद्यानं बंद झालं, ती निवड आमची नव्हती. वर तेच लोक विचारतात, तुमच्या आहारात प्रोटीन इतकं कमी का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली महाराष्ट्रातल्या शंभरातल्या सुमारे २१ बाया हव्या त्यापेक्षा हडकुळ्या आणि सुमारे २३ जाड निघाल्या. पुरवण्या त्या २३ जणींशीच बोलतात, त्याही जिमची फी परवडणाऱ्या तेवढ्यांशी. आमच्याकडं हडकुळी आणि जाड एकाच उंबऱ्याच्या आत राहतात, एकाच तव्यावरचं खातात.

आता तुमच्याकडं येतो. पुण्यात अभ्यासिकेत बसणारे, रात्रपाळीला कंत्राटावर जाणारे, दुसऱ्यांची जेवणं मोटारसायकलवरनं पोचवणारे तुम्ही. गरम बिर्याणीचा डबा पाठीला बांधून, स्वतः सकाळपासून दोन चहांवर असलेली आपली पोरं मी रोज सिग्नलला बघतो. परीक्षा पुढं ढकलली की मेसचा एक वेळचा डबा बंद करणारी पोरं माझ्या खोलीत राहिली आहेत. एकाचं वजन वर्षात अकरा किलोनं उतरलं. दुसरा तेवढाच सुटला, कारण मध्यरात्री उघडी असते ती फक्त भुर्जीपावची गाडी. खोली बघायला गेलो की पहिला प्रश्न, आडनाव काय? दुसरा, नॉनव्हेज करता का? दोन्ही प्रश्न एकच आहेत. मग आपण खिडक्या लावून, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून सुकट भाजतो आणि धुरात खोकत भराभर गिळतो. असं गिळलेलं अन्न अंगाला लागतं काय? घरमालकाच्या पावलांकडं कान लावून जेवणाऱ्याला कुठला आहारतज्ज्ञ सांगणार, सावकाश चावून खा म्हणून?

आणि आपल्यातल्या बाप्यांनो, तुम्हीपण ऐका. समतेच्या सभेवरनं रात्री अकराला घरी येऊन ‘वाढ’ म्हणणारे आपणच. बाई सगळ्यात शेवटी बसते, तव्यावर उरेल ते खाते, नाहीतर पाणी पिऊन झोपते. चुलतीच्या अंगावर फायनान्सचा हप्ता आहे तसा चुलत्याच्या दारूचाही आहे. दोन्ही तिच्या पोटातनंच वसूल होतात. व्यवस्थेला शिव्या देताना ही वसुली लपवायची नाही.

१९७२ साली आपण पँथर हे नाव घेतलं. अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडनं घेतलं. इकडं तेव्हा दुष्काळ, मिलो आणि सुकडीचे दिवस. तिकडं त्या काळ्या पोरांनी काय केलं होतं? जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळेत जाणाऱ्या लेकरांना फुकट न्याहारी घालायला सुरुवात केली. वर्षभरात ती देशभरच्या गावोगावी पोचली, हजारो पोरं जेवून शाळेत जाऊ लागली. एफबीआयचा हूव्हर त्या न्याहारीला घाबरला. बंदूक त्यांच्याकडं होतीच, पण त्याला झोंबली ती न्याहारी. आपण नाव घेतलं, आवेश घेतला, कविता तर त्यांच्यापेक्षा जबर लिहिल्या. न्याहारी तेवढी तिकडंच राहिली.

सरकारकडं मागायचं ते मागूच. २०१६-१७ साली स्वाधार योजना बाबासाहेबांच्या नावानं सुरू झाली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या पोराला पुण्या-मुंबईत जेवणासाठी वर्षाला ३२,००० रुपये ठरले. भागा ३६५ नं. दिवसाला सत्त्याऐंशी रुपये आणि काही पैसे. त्यात दोन जेवणं आणि सकाळचा नाश्ता बसवून दाखवावा, पुण्यातल्या कुठल्याही मेसमध्ये. आणि हप्ता उशिरा येतो ही पोरांची दरसालची ओरड. तोवर पोटाला काय सांगायचं, अर्ज प्रक्रियेत आहे? ही रक्कम महागाईबरोबर वाढली पाहिजे, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आली पाहिजे. फायनान्सवाल्याच्या ओसरीवरची बसवणूक बंद झाली पाहिजे. खुरपणीला बाईला बाप्याएवढीच मजुरी पाहिजे. साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या वस्तीत येऊन दिल्या पाहिजेत, आणि देणाऱ्यानं आधी विचारलं पाहिजे, आज जेवलात का?

पण सरकार हलेपर्यंत अभ्यासिकेतली पोरं रोज सकाळी उपाशीच बसणार आहेत. मागच्या तीन बैठकांत आपण तीन ठराव केले. एकदाही कुणी शेगडी आणली नाही. सकाळी सहाला अभ्यासिकेच्या दाराशी चाळीस पोरांचे उकडलेले हरभरे, अंडी आणि भाकरी, एवढ्यानं सुरुवात होते. मी हिशेब केलाय, वर्गणीत बसतं. पत्रकं मागनं छापू. आधी सांगा, मोठं पातेलं कुणाच्या घरी आहे?