निवडीचे स्वातंत्र्य कुणाचे?

अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला तरुण जहाजावरच्या वा आखातातल्या नोकरीला निघतो, तेव्हा मोबाईल कंपनी त्याच्यापुढे डेटा-पॅकची यादी टाकते आणि ‘हवे ते निवडा’ म्हणते. यादीतून काही देश वगळलेले, मुदत दिवसांवर मोजलेली, भरसमुद्रातले दर बहुधा निराळेच. चुकला की भुर्दंड त्याचाच. ही निवड नव्हे, नाडणूक होय!

परदेशी कंपनी आपले जाळे वापरू देण्याचा घाऊक दर घेते. त्यावर इथली कंपनी नफा चढवते. युरोपीय संघाने हा घाऊक दर कायद्याने बांधला आणि १५ जून २०१७ पासून सदस्य-देशांतील रोमिंगचा जादा आकार रद्द केला. म्हणून तिथल्या कंपन्या बुडाल्या नाहीत. आपल्याकडेही ट्रायने २०१५ साली देशांतर्गत रोमिंगच्या कमाल दरांत कपात केली. मग परदेशी रोमिंगच कंपन्यांच्या मर्जीवर का?

‘तिथले सिम घ्या’ हा सल्ला व्यवहारी खरा. पण बँकेचा ओटीपी इथल्याच क्रमांकावर येतो आणि खलाशाचे बंदर रोज बदलते.

आखाती देशांशी घाऊक दराचा करार करा, ही मागणी कार्यकर्त्यांनी कोळीवाड्यातून उभी केली पाहिजे. घामाचा पैसा घरी धाडणाऱ्याला घरच्यांशी बोलण्याचा दंड कशासाठी?